सराईच्या दाराचा रहाट

फार पूर्वी घाटाच्या पायथ्याशी एका गावात बैलगाड्यांची सराई होती. सराईचं सागवानी दार भलतंच जड. ते बाजूला उघडत नसे. भिंतीवरचा रहाट फिरवला की दोरानं वर उचललं जाई आणि गाड्या खालून आत येत. हा रहाट सराईवाल्या सगुणाबाईच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं घडवला होता. तो वारल्यापासून सराई तीच सांभाळत होती.

रहाट आता जुना झाला होता. अडकायचा, करकरायचा. मग भिवा सुतार यायचा. कधी दोर बदलायचा, कधी नवी खुंटी ठोकायचा.

एकदा भर दुपारी गाडी आत येत असतानाच रहाट सटकला. दार धाडकन खाली आलं. बैल वीतभर अंतरानं वाचला. 

सगुणाबाईनं भिवाला बोलावलं. "भावजी, एवढ्या वेळी दुरुस्त करून द्या."

भिवानं रहाटाच्या आसाला पटाशी टेकवली. ती लोण्यात शिरावी तशी आत गेली.

"वहिनी, सगळा भार पेलतो तो आसच कुजलाय. चाकही सुटत आलंय. रहाट नवाच करावा लागेल."

"नव्या कामाची मजुरी मोठी, म्हणून म्हणताय ना?"

भिवाचा चेहरा उतरला. "मग नवा दुसऱ्याकडून करून घ्या. पण दुरुस्ती मी करणार नाही. मी खुंटी ठोकली की तुम्ही निर्धास्त व्हाल, आणि या दाराखालून माणसं जातील."

सगुणाबाई रहाटावरून हात फिरवत राहिली. "ह्यांची एवढीच खूण उरलीय हो."

"दादांनी तो कशासाठी केला होता?"

"गाड्या सुखरूप आत याव्यात म्हणून."

"मग?"

तिनं रहाटावरचा हात काढून घेतला. शेवटी म्हणाली, "उतरवा. आणि नवा तुम्हीच करा. मघाशी बोलले ते मनात ठेवू नका."

चौघांनी रहाट उतरवून जमिनीवर टेकवला, तोच आस मधोमध मोडला.  सगुणाबाईनं भिवापुढे हात जोडले.

पंधरा दिवसांत नवा रहाट बसला. पहिलीच गाडी आली ती लेकराबाळांनी भरलेली. सगुणाबाईनं एकटीनं रहाट फिरवला. दार अलगद वर गेलं.

"या, बिनघोर या!" ती हसून म्हणाली.

तात्पर्य एवढंच: दुरुस्तीनं वस्तू सावरत असेल तर जरूर सावरावी, पण जिच्यावर जीव विसंबून आहेत ती आतून संपली असेल, तर मन घट्ट करून बदलावी.