गाळात उतरण्याआधी

फार पूर्वीची गोष्ट आहे. खाडीला तेव्हा नावही पडलं नव्हतं. तिच्या काठी एक लहान गाव होतं.

ओहोटी लागली की गावच्या बाया गाळात उतरून शिंपल्या वेचत. गाळ वरून शांत दिसे, पण पाय धरी. म्हणून प्रत्येक बाई लाकडी फळी घेई. फळीवर अंग टाकायचं, पायाने गाळ मागे लोटायचा आणि सरकत जायचं.

गावात एक म्हातारा तांडेल होता. त्याने जन्मभर होडी हाकली होती. आता त्याचे गुडघे गेले होते. आया गाळात गेल्या की मुलं तो सांभाळी. मुलांनाही काठालगतच्या गाळात खेळायचं असे. तांडेल आधी त्यांना काठावर बसवी, पोटावर हात ठेवायला लावी आणि एकेकाला विचारी, "आत काय आहे?"

"राग," एखादा म्हणे.

"कुठे?"

"घशात."

"असू दे. बघ त्याच्याकडे. श्वास खाली उतरला की जा."

बायांना याचं हसू येई. हिरू नावाच्या लहान मुलीची आई, जाना, तर तोंडावर म्हणे, "तांडेलबाबा, चिखलात उतरायला मुहूर्त लागतो का? भरती काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

तांडेल पुढच्या मुलाकडे वळे.

एके दिवशी जानाचं जावेशी भांडण झालं. शिंपल्यांची चांगली जागा कोणाची, यावरून. बाकीच्या बाया वेचून घरी परतल्या, तरी जाना धुमसत होती. हिरू आणि काही मुलं अजून तांडेलपाशी काठावरच होती. "आज ती जागा मी सोडत नाही," असं म्हणत ती टोपली घेऊन तरातरा गाळात शिरली. फळी काठावरच राहिली.

थोडं पुढे गेल्यावर तिचा पाय रुतला. तिने तो हिसडला, तर दुसरा रुतला. ती रागाने धडपडली, मग भीतीने धडपडली. गाळ मांडीपर्यंत आला. खाडीच्या तोंडाशी पाणी वळलं होतं. भरती लागली होती.

"धावा!" जाना ओरडली.

तांडेलने मोठ्या मुलांना गावाकडे पिटाळलं. पण गाव लांब होतं आणि पाणी जवळ.

हिरू आईकडे धावत सुटली. तांडेलने तिचा परकर धरला.

"सोडा! आई बुडते!"

"दिसतंय मला. आत काय आहे?"

"सोडा ना!"

"अशी गेलीस तर दोघी जाल. आत काय आहे?"

हिरूने पोटावर हात दाबला. 

"भीती. छातीत. उड्या मारते."

"मारू दे. तू कुठे आहेस?"

"काठावर."

"समोर काय दिसतं?"

हिरूने एक श्वास घेतला. मग आणखी एक. "आई. पाणी." ती थांबली. "फळी!"

फळी तिच्या पायाशीच होती. इतका वेळ ती दिसलीच नव्हती.

तांडेलने परकर सोडला. हिरू फळीवर पालथी पडली आणि सरकत निघाली. भीती गेली नव्हती. ती तिच्याबरोबरच निघाली होती.

पाणी जानाच्या कमरेला लागलं होतं. तिने दोन्ही हात पुढे केले. "दे ती फळी! दे लवकर!"

हिरू हाताच्या अंतराबाहेर थांबली. "नाही. तू ओढशील, मग मीही पडेन. आधी पोटावर हात ठेव."

"अगं मेले, पाणी आलंय!"

"हो, आलंय. हात ठेव ना, आई."

जानाने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ निळे पडले होते, पण डोळे तिच्यावरच होते. जानाने हात पोटावर ठेवला. श्वास अडत अडत खाली गेला. तिची धडपड थांबली, तसा गाळही तिला खाली ओढेनासा झाला.

मग हिरूने फळी पुढे सरकवली. जानाने छाती फळीवर टेकली. तिने एक पाय हळूहळू हलवत सोडवला, मग दुसरा. टोपली आणि तिच्यात आधी वेचलेलं सगळं पाण्याने नेलं. फळीला धरून सरकत दोघी काठाला लागल्या तेव्हा मागे गाळ दिसतच नव्हता.

गावातली माणसं पोचली. काठावर येताच हिरू मोठ्याने रडू लागली. 

"अगं, रडतेस काय? शहाणी ना तू?" कोणीतरी म्हणालं.

"गप्प बसा," तांडेल खेकसला. "रडू दे तिला."

जाना लेकीजवळ ओल्या वाळूत बसली. तिने हिरूला उगी कर म्हटलं नाही. रडणं आपोआप संपेपर्यंत दोघी तिथेच बसून राहिल्या. जाऊबाई हातात कोरडं लुगडं घेऊन मागे उभी होती. तिनेही घाई केली नाही.

लहानांनो आणि मोठ्यांनो, राग असो की भीती, आधी तिच्याकडे नीट बघावं, मगच पाऊल उचलावं.