चाळीस वाव खाली

समुद्रकाठच्या एका गावी एकदा एक कापडाचा व्यापारी मासे धरायला आला. पोटासाठी नव्हे, निव्वळ हौसेसाठी. त्या गावात एक वृद्ध नाखवा राहत असे. जाळी टाकणे त्याने केव्हाच सोडले होते. आता तो फक्त गळाने मासे धरी आणि ती विद्या एका शिष्याला शिकवी. शिष्य वयाने काही लहान नव्हता. शहरातली मास्तरकी सोडून दोन वर्षांपूर्वी तो नाखव्याकडे आला होता आणि त्याला आबा म्हणत असे.

व्यापाऱ्याला भाकस हवा होता, वाळूच्या तळाशी थाळीसारखा पडून राहणारा चपटा मासा. तेवढा एक न्यायचा, बाकी जे लागेल ते सोडून द्यायचे, असा त्याचा नियम.

"उगीच जीव कशाला घ्यायचा?" तो म्हणाला.

शिष्याला हे बोलणे फार भावले. नुसते फोटो काढून मासे किनाऱ्यावर टाकून जाणारी हौशी माणसे त्याने पाहिली होती.

होडी चाळीस वाव, म्हणजे चाळीस पुरुष, खोल पाण्यावर नांगरली. भाकस काही लवकर लागेना. ओहोटी सुरू झाली तशी होडी फिरली आणि वाळूवरून खडकावर आली.

"शेठ, गळ वर घ्या," नाखवा म्हणाला. "खाली कपारी आहेत. इथे हेकरूच लागतील."

"लागू देत की. सोडून देऊ."

घटकाभरात चार हेकरू वर आले, दांडगे, तपकिरी, ठिपक्यांचे. प्रत्येकाचे डोळे खोबणीबाहेर आलेले, पोट तट्ट फुगलेले आणि तोंडातून गुलाबी मांसाचा गोळा लोंबत असलेला. व्यापारी दर वेळी हलक्या हाताने गळ काढी, मासा पाण्यावर ठेवी आणि म्हणे, "जा बाबा, आपल्या घरी जा." चौथा सोडल्यावर त्याने समाधानाने हात धुतले. शिष्याचाही ऊर भरून आला.

तेव्हा नाखव्याने नांगर उचलला. इंजिन मात्र सुरू केले नाही. प्रवाह नेईल तशी होडी त्याने जाऊ दिली.

थोड्याच अंतरावर घारी पाण्यावर झेपा टाकताना दिसल्या. होडी जवळ गेली. दोन हेकरू उताणे तरंगत होते. त्यांच्या डोळ्यांच्या जागी नुसती भोके उरली होती. तिसरा त्यांच्यापलीकडे होता, जिवंत. तो शेपटी मारून खाली जाऊ पाही आणि बुचासारखा पुन्हा वर येई.

शिष्याने त्याला उचलून घेतले. तोंडातला तो फुगा फोडला की हवा निघते आणि मासा वाचतो, असे त्याने कोणाकडून तरी ऐकले होते. टोपलीतला दाभण घेऊन त्याने तो गोळा टोचला. फस्सकन हवा गेली, मागोमाग रक्त आले. मासा त्याच्या मांडीवर थरथरला आणि थंड झाला.

"आबा, हे काय झालं?"

"ते त्याचं पोट होतं," नाखवा म्हणाला. "तू त्याचं पोट फोडलंस."

शिष्याच्या हातातला दाभण गळून पडला.

चौथा हेकरू होडीलगत पाण्यावर अजून धापा टाकत होता. नाखव्याने त्याला होडीत घेतले आणि एक जाड गळ काढला. त्याच्या टोकाचा अडकणारा काटा कानशीने घासून गुळगुळीत केलेला होता आणि टोक खाली राहील असा तो दोरीला उलटा बांधलेला होता. तो त्याने माशाच्या जबड्यात अलगद अडकवला, खाली चार किलोंचे शिसे लटकावले आणि मासा पाण्यात सोडला.

"अहो, त्याला वजन बांधून बुडवताय?" व्यापारी कळवळून म्हणाला.

नाखवा हाताने वाव मोजत राहिला. चाळीस झाल्यावर त्याने दोरीला एक हिसका दिला आणि दोरी वर ओढली. गळ रिकामा आला.

मग तो बोलला. "शेठ, चाळीस वाव पाण्याचा भार अंगावर घेऊन तो जन्मभर जगला. तुम्ही त्याला भराभर वर आणलंत, भार गेला, आणि त्याच्या आतली हवा फुगून पोट तोंडातून बाहेर आलं. आता त्याला वाट मोकळी आहे, पण जाता येत नाही. तुमच्या हातून तो सुटला. घरी पोचला नाही. जिथून उचललं तिथवर नेऊन सोडावं लागतं."

"आता हा जगेल ना?" शिष्याने विचारले.

"ठाऊक नाही. काही जगतात म्हणे. मी तीस वर्षं तुमच्यासारखाच सोडत होतो. होडी पुढे जायची, मागे काय तरंगतंय ते मी कधी पाहिलं नाही. आज गळ वर घ्या म्हणालो, ते एकदाच म्हणालो. हात धरायला हवा होता."

व्यापारी हळूच म्हणाला, "पण आता युक्ती कळलीय. होडी परत तिथेच घेऊ. भाकस मिळाला तर मिळाला, हेकरू लागले तर असे खाली पोचवू."

शिष्याने आबांकडे पाहिले. आबा तरंगणारे दोन्ही मेलेले हेकरू पाण्यातून काढत होते. एकेक करून त्यांनी तिन्ही व्यापाऱ्याच्या रिकाम्या पेटीत ठेवले. ज्याचे पोट फुटले होते तो सर्वांत वर होता.

शिष्य उठला. त्याने इंजिन सुरू केले आणि कोणाला न विचारता होडीचे तोंड किनाऱ्याकडे वळवले. व्यापाऱ्याने पेटीकडे पाहिले आणि आपला गळ गुंडाळून ठेवला.

दया केल्यावर थोडा वेळ तिथेच थांबून मागे वळून पाहावे. ती पोचली की नाही, हे तेव्हाच कळते.