पाहुण्याच्या नावाची बारव

निंबळवाडीत शिरताना डाव्या हाताला बारव लागते. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, तळाशी हिरवट पाणी, काठावर बसायला एक चौकोनी दगड. गावात नळ आले, तरी नवा पाहुणा आधी इथेच थांबतो. तो स्वतः खाली उतरून तांब्या भरून आणतो. गावातली जाणती बाई त्यातले पाणी त्याच्यादेखत पिते, तेही पदर बाजूला सारून, मान वर करून, घोट गळ्याखाली उतरताना दिसेल असे. मग ती पाहुण्याचे नाव विचारते, पुरुष असला तर त्याच्या आईचे, आणि बारवेत वाकून त्या नावाने हाक मारते.

मी मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी. घरोघर पाहुण्याला पाणी कसे देतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. पाणी कोणत्या पेल्यात येते आणि नाव विचारण्याआधी येते की नंतर, हे मी कॉलेजात जायच्या कितीतरी आधीपासून बघत आले आहे. 'विशाखा' म्हटले की लोक गोड हसतात आणि विचारतात, 'पुढे?' त्या 'पुढे'ला मी चांगली ओळखते. म्हणून नावाआधी पाणी पिणारे गाव आहे असे कानावर आले तेव्हा मला ते खरे वाटले नाही. दाखवायचे दात वेगळे असतील, असेच मनात आले.

हल्ली हे पाणी केसरबाई डोईफोडे पितात. वय ऐंशीच्या घरात, नजर तीक्ष्ण. त्यांनी मला दगडावर बसवले, मी कुठून आले, कशाला आले हे माझ्याहून जास्त संशयाने विचारून घेतले, आणि मग सांगू लागल्या.

फार मागे दुष्काळावर दुष्काळ पडले होते म्हणे. पंचक्रोशीत पाणी उरले ते या बारवेत. एका दुपारी कुठूनशी एक वाटसरू बाई आली, कुणी नाही असे पाहून खाली उतरली आणि ओंजळीने पाणी प्यायली. ते कुणीतरी पाहिले. नेमकी त्याच संध्याकाळी गावातली गुरे फुगून पडू लागली. पावसावाचून खुरटलेली, गुरांना बाधणारी कोवळी ज्वारी त्यांनी खाल्ली होती, पण ते ध्यानात यायला वेळ लागला. तोवर बाईने पाण्यात काही कालवले, असे गावाने ठरवूनही टाकले होते.

तिला काठावर आणून बसवले. तिने सांगून पाहिले, रडून पाहिले. शेवटी ती सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी प्यायली. तर लोक म्हणाले, पदराआड गालात धरले आणि थुंकून टाकले. संशयाला औषध नसते. असे दोन-तीन दिवस गेले. गाव तहानेने व्याकूळ झाले, पण पाण्याला कुणी शिवेना. आणि ती पुन्हा काही कालवील म्हणून तिलाही पाण्याकडे जाऊ देईनात.

इथवर ऐकून माझ्याही मनात संशय आला. विष हे निमित्त असणार. पाणी बाटले म्हणून तिला अडवले, हे पाहुण्यांना सांगायची आता लाज वाटत असेल, म्हणून गोष्टीत विष आले असेल.

शेवटी पाटलाची सून गोदाई पुढे आली, असे सांगतात. तिने पदर काढून गळा उघडा केला आणि म्हणाली, "माझ्या गळ्याकडं बघा." सगळ्यांदेखत ती पोटभर पाणी प्यायली. रात्र गेली, गोदाईला काही झाले नाही. सकाळी घागरी घेऊन गाव बारवेकडे धावले, तेव्हा ती बाई काठावरच मरून पडली होती. पाणी तिच्यापासून चार पायऱ्यांवर होते.

माती द्यायची वेळ आली तेव्हा कुणीतरी तिचे नाव विचारले. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.

मला राहवले नाही. मी म्हणाले, "आजी, जात तरी विचारली असेल ना कुणी?"

केसरबाईंनी नजर न चुकवता सांगितले, "इचारली की. जात इचारूनच बसवली व्हती तिला इथं. नाव तेवढं कुणी इचारलं न्हाई."

ही कबुली मला अपेक्षित नव्हती. पुढे त्यांनी सांगितले ते असे. गोदाईने बारवेत वाकून आठवतील तेवढ्या बायकांची नावे हाकारली, कुठल्या तरी नावाला ती ओ देईल म्हणून. नावे संपली. तेव्हा तिने नवस बोलला, की या गावात जो येईल त्याच्याकडून एक नाव घेऊन या पाण्याला ऐकवीन. गोदाई गेली, नवस गावाने चालवला.

आता माझी पाळी होती. मी तांब्या भरून आणला. केसरबाई प्यायल्या, आणि मी चोर धरायला बसल्यासारखी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. घोट उतरला.

"नाव?"

"विशाखा."

"पुढं?"

आलेच ते. पुढचे कशाला हवे, असे मी जरा तोडूनच विचारले.

"अर्ध्या नावानं हाक मारली आन् तीच निघाली, तर तिनं वळखायचं कसं?"

"ओव्हाळ," मी म्हणाले.

"मोठ्यानं सांग माय. मला कमी ऐकू येतंय."

आडनाव ओरडून सांगायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. मी ओरडले. समोरच्या टपरीवरचे लोक वळून बघू लागले. केसरबाईंनी वाकून पुरत्या नावाने हाक मारली, "विशाखा ओव्हाळ," आणि ते नाव चारी भिंतींवर आपटून वर आले. कानामागे हात धरून त्या थांबल्या. मग मान हलवली.

"न्हाई. तुझं न्हवं."

त्यांनी उरलेले पाणी माझ्यापुढे धरले. मी सवयीने तांब्यात डोकावले.

"बघतीस काय? पी. मान वर कर, मला बी दिसू दे."

मी प्यायले. डोळे भरून आले होते, पण मान वरच ठेवली.

आजही निंबळवाडीला त्या बाईचे नाव सापडलेले नाही, आणि येणाऱ्या प्रत्येकाकडून एक नाव घेऊन बारवेत हाका चालूच आहेत. माझे नाव तिथे पुरते घेतले गेले. त्यानंतर कुणी तांब्या विसळला नाही.