सात महिने न उघडलेलं विरजण

"...आणि आसक्ती हेच दुःखाचं मूळ असेल, भंते, तर पदवीची आसक्ती तरी कशाला धरायची?"

सुजातनं प्रश्न संपवला आणि हात जोडून बसला. प्रश्न चांगला बांधून आणला होता. टेकडी चढताना दोनदा तरी म्हणून पाहिला असणार.

भंते रेवत आपलं भिक्षापात्र पुसत होते. पुसतच राहिले.

"सकाळी काय खाल्लं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"काल?"

"भंते, मी धम्माविषयी विचारतोय."

"मीही तेच विचारून राहिलो."

मी ओसरी झाडत होतो. हात थांबवला. आता काहीतरी ऐकायला मिळणार, एवढं मला भंतेंच्या आवाजावरून कळायला लागलं होतं.

श्रीलंकेत कँडीच्या पलीकडे एका टेकडीवर हा लहानसा विहार आहे. भंते मूळचे उमरेडचे, तिथं जाऊन त्यांना चाळीस वर्षं झालेली. एरवी सगळा व्यवहार सिंहलीत. पण मराठी माणूस समोर आला की त्यांच्या तोंडून उमरेड जसंच्या तसं बाहेर येई. मी नागपूरच्या शाळेतून निवृत्त होऊन तिथं महिनाभर राहायला गेलो होतो. दुसरं काही जमत नाही म्हणून मला झाडू दिला होता.

आणि सुजात बोरकर पवनीचा. तिथल्या विद्यापीठात पाली शिकायला आलेला, शिष्यवृत्तीवर. येऊन सात महिने झालेले. पोरगा हुशार, खोटं कशाला बोलू? पण हुशार पोरांची एक खोड असते. पोटात कळ आली तरी ती ग्रंथातली आहे असं सांगतात.

"म्हणजे चालला तू," भंते म्हणाले.

"उद्या रात्रीचं विमान आहे. निरोप घ्यायला आलो."

"अन् निबंध?"

"तो उद्या सकाळी दहाला आहे... वाचणार नाही."

वर्गासमोर निबंध वाचायचा होता. नाही वाचला तर नाव कमी, शिष्यवृत्ती बंद, आणि पुन्हा यायची वाटही बंद. हे त्याला ठाऊक होतं. भंतेंनाही ठाऊक होतं.

"कोणी वाईट वागलं का तिथं?"

"नाही. चांगले आहेत सगळे."

"अभ्यास जड जाते?"

सुजातला हसू आलं. "भंते, आमच्या वर्गात माझ्याइतकं पाठ कुणालाच नाही."

"मग?"

"मग काही नाही. सगळं अनित्य आहे, एवढं मला कळलं."

"सात महिन्यांत कळलं?" भंतेंनी पात्र उजेडात धरून पाहिलं. "मले चाळीस वर्षं झाली. अजून कळूनच राहिलं आहे."

सुजातचे कान लाल झाले. बरं झालं, मी मनात म्हटलं.



"घरून निघाला, तेव्हा आईनं काय केलं?" भंतेंनी विचारलं.

"आईनं? काही नाही. नेहमीचंच. हातावर दही घातलं, वर साखर."

"अन् तू?"

"चाटून टाकलं. गाडी उभी होती. तिलाही अंगणवाडीत जायचं होतं."

"बांधून काय दिलं?"

"तिखट, लाडू. ते पहिल्याच महिन्यात संपलं."

"अन् जे संपलं नाही ते?"

सुजातनं वर पाहिलं. हे यांना कसं कळलं, असा प्रश्न तोंडावर स्पष्ट होता. कळायला काय लागतं? भंतेंनाही एका आईनंच वाढवलं होतं.

"विरजण," तो म्हणाला. "पंच्याचा तुकडा दह्यात भिजवून सावलीत वाळवला होता तिनं. म्हणाली, कोमट दुधात टाक. परदेशातही घरचं दही लागेल."

"लागलं का?"

"...लावलंच नाही."

"काऊन?"

"एकच तुकडा आहे, भंते. वापरला तर संपेल."

भंतेंनी पात्र खाली ठेवलं.

"मग काय करते त्याचं?"

"पुडी बॅगेत आहे, तळाशी. कधी कधी काढतो." आवाज खाली गेला. "वास घेतो आणि ठेवून देतो."

"येते वास?"

"पहिल्यांदा यायचा... आता नाही येत."

मला वाटलं, आता भंते काहीतरी चांगलं सांगतील. मी झाडूला टेकून उभाच राहिलो. भंतेंनी दह्याचीच चौकशी पुढे चालवली.

"तुमच्या घरी विरजणाचं गाडगं घासते का आई?"

"छे. कधीच नाही. आईला ते तिच्या आईनं दिलंय, लग्नात. तळाला चमचाभर दही ठेवते आणि त्यावरच नवं दूध ओतते."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"अठ्ठावीस."

"अन् अजून संपलं नाही?"

"कसं संपेल? रोज लावते ना ती..."

वाक्य अर्धंच राहिलं. सुजात आपलेच शब्द ऐकत बसला. भंते उठले, चिवराचं टोक खांद्यावर घेतलं.

"खालच्या वळणावर सोमावती राहते. संध्याकाळी म्हशीचं दूध देईल. दही लाव अन् सकाळी इकडं आण."

आता हा पोरगा बघा. डोळे भरलेले, पोट रिकामं, तरी पाठांतर जागेवर.

"भंते, आजारी नसताना भिक्खूनं दही मागू नये. पाचित्तिय आहे, नियमभंग होतो."

"एकोणचाळिसावं," भंते म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

"मग?"

"मी माझ्यासाठी कुठं मागून राहिलो?"

दुसऱ्या दिवशी साडेआठला तो आला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मातीचं मडकं, वर फडकं बांधलेलं. बॅग पाहून मला रागच आला. एवढं समजावूनही माणसानं बॅग आणावी? मग आठवलं की समजावलं कुणीच नव्हतं.

"लागलं का?" मीच विचारलं. राहवलं नाही.

"पाहिलं नाही, सर. हिंमत झाली नाही."

भंते ओसरीवर येऊन बसले. पात्र समोर ठेवलं. भिक्खूला कुणी हातानं दिल्याशिवाय काही खाता येत नाही, तेव्हा फडकं सुजातलाच सोडावं लागणार होतं.

तो गुडघ्यांवर बसला. गाठ सोडायला त्याला वेळ लागला.

"मेलं असेल तर, भंते?"

"तर दूध नासलं असेल. ओतून देऊ."

"मग माझ्याकडे काहीच राहणार नाही."

"हो."

भंते एवढंच बोलले. सुजातनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी झाडूकडे पाहिलं.

त्यानं फडकं काढलं.

वर पिवळसर पाणी सुटलेलं होतं. त्यानं मडकं जरा कलतं केलं. पाणी एका बाजूला गेलं, आणि खालचं पांढरं मात्र हललं नाही. घट्ट म्हणता येणार नाही. जरा लुळंच होतं. पण दही होतं.

सुजात वास घ्यायला वाकला आणि तसाच राहिला. त्याचे खांदे हलायला लागले.

"मले घराची खूप आठवण येते, भंते." नऊशे मैलांवरून पवनी त्याच्या तोंडात परत आली होती. "रोज येते. वर्गात बसलो की येते, जेवाले बसलो की जास्त येते. मले राहवतच नाही इथं. मी ते अनित्य वगैरे... मी खोटं बोललो."

"माहीत आहे."

"तुम्हाले येत नाही आठवण?"

भंतेंनी पात्र पुढे केलं. सुजातनं मडक्यातलं जवळजवळ सगळं दही डावानं वाढलं. थोडं बाहेर सांडलं.

भंतेंनी एक घास घेतला. डोळे मिटले...

चाळीस वर्षं त्या माणसानं या बेटावरचं दही खाल्लं असेल. चांगलं असतं तिथलं, म्हशीचं, सुरीनं कापावं इतकं घट्ट. हे तसं नव्हतं. तरी भंते तो घास बराच वेळ तोंडात धरून बसले होते.

"आंबट आहे," शेवटी म्हणाले.

"तुमच्या आईचं असंच असायचं?"

"आठवत नाही."

आणि त्यांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा.

पात्रात थोडं उरलं तेव्हा ते म्हणाले, "हात पुढं कर."

सुजातला आधी कळलं नाही. मग त्यानं उजवा हात पसरला. भंतेंनी पात्रातलं उरलेलं दही त्याच्या तळव्यावर ठेवलं. साखर नव्हती.

सुजात त्या दह्याकडे पाहत राहिला.

"विमान रात्री आहे, भंते."

"हो."

"निबंध दहाला."

"हो."

"मग हे दही... कुठं जाण्यासाठी?"

भंतेंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊला पाच मिनिटं होती. विद्यापीठ पायी पाऊण तासावर. त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि खरं सांगतो, मी त्यांच्या जागी असतो तर दहा वाक्यं बोललो असतो आणि दहाही वाया गेली असती.

सुजातनं हात तोंडाशी नेला. या वेळी गाडी उभी नव्हती. त्यानं हळूहळू खाल्लं, बोटंसुद्धा सोडली नाहीत.

मग उठला. बॅग उघडली. कपड्यांखालून कागदांची एक गुंडाळी काढली, चुरगळलेली, ती मांडीवर ठेवून हातानं सरळ केली. बॅग बंद करून ओसरीच्या कोपऱ्यात सरकवली, माझ्या झाडूच्या वाटेत. मी तेवढा कोपरा सोडून दिला. बोलण्यासारखं होतं, पण जाऊ दे.

त्यानं भंतेंना वंदन केलं. "येतो, भंते."

भंतेंनी मान हलवली.

दोन पावलं गेला आणि परत फिरला. चांगल्या घरचं पोर. मागे खरकटं ठेवून जाणं त्याला पटेना. तळाला चमचाभर दही उरलेलं ते मडकं उचललं, नळाखाली धरलं आणि चावीला हात घातला.

"बाबू," भंते म्हणाले, "मडकं धुऊ नको."