काळ्या पावाचा आंबटबुवा

आज आटपाट नगर नाही हं. आज एक एवढासा देश. एस्तोनिया त्याचं नाव. थंडगार समुद्राच्या काठावरचा, अर्धाअधिक जंगलाने झाकलेला. उन्हाळ्यात तिथल्या सूर्याला निजायचंच नसतं, अगदी तुमच्यासारखं. मुलं जेवूनखाऊन अंथरुणात पडतात, तरी खिडकीत उजेड. मग बिचारी जाड पडदे ओढून घेतात.

तर अशा त्या देशात, एका लाकडी घरात टीऊ नावाची मुलगी राहायची. ती, तिची आई हिल्दा, आणि एक आळशी मांजर. टीऊ भारी लाजाळू बरं का. इतकं हळू बोलायची की मांजरसुद्धा कान टवकारून ऐकायचं.

ऐन उन्हाळ्यात तिकडे एक सण येतो. सगळं गाव माळावर जमतं, आपल्या होळीसारखा मोठा जाळ करतं आणि गाणी म्हणतं. टीऊच्या गावात प्रत्येक घर काहीतरी आणायचं. कुणी धुरावर भाजलेले मासे, कुणी चीज. टीऊच्या घरचा मात्र काळा पाव. राय नावाच्या धान्याचा, जड, आंबूस, वरून कुरकुरीत. तो आल्याशिवाय जाळ पेटवायचा नाही, अशी गावाची रीतच होती.

सण आठवड्यावर आला. आई मासे आणायला समुद्रकाठी बहिणीकडे निघाली. जाताना म्हणाली, "टीऊ, घर तेवढं लख्ख करून ठेव."

टीऊने आधी खिडक्या पुसल्या. मग जमीन घासली. मग तिची नजर गेली पीठ मळायच्या लाकडी काथवटीवर. केवढी ती कळकट! कोपऱ्यांत जुनं पीठ वाळून बसलेलं. टीऊने गरम पाणी घेतलं, वाळू घेतली आणि घासघास घासली. काथवट झाली दुधासारखी पांढरी. टीऊ खूश.

दुसऱ्या दिवशी आई आली. काथवट पाहिली आणि मटकन खालीच बसली.

"अगं बाई! काथवट धुतलीस? गेला की आपला आंबटबुवा!"

आता हा आंबटबुवा कोण? आपण दह्याला विरजण लावतो ना, तसं तिकडच्या पावाचं विरजण काथवटीच्या लाकडात आणि त्या वाळल्या पिठात असतं. म्हणून काथवट फक्त खरवडायची, धुवायची कधीच नाही. आणि टीऊच्या काथवटीत राहायचा अंगठ्याएवढा आंबटबुवा. तो गाल फुगवून फुंकायचा, म्हणून पीठ फुगायचं. गरम पाणी अंगावर पडताच तो शिंकत शिंकत खिडकीतून पळाला होता.

"शेजारच्या मारेकाकूंकडून विरजण आणू?" टीऊ पुटपुटली.

"विरजण कुणी उसनं देतं का गं? देणाऱ्या घरचं भाग्य जातं त्याच्याबरोबर," आई म्हणाली. "आता कसलं तोंड दाखवायचं गावाला? आपल्यापायी जाळ नाही पेटायचा यंदा."

टीऊला हुंदका आला. पण रडून बुवा थोडाच परत येणार? ती तडक शोधायला निघाली.

वाटेत खांबावर करकोच्याचं घरटं. टीऊने विचारलं, "आंबटबुवा दिसला का?"

"काय म्हणालीस?"

टीऊने पुन्हा विचारलं.

"अगं, जोरात बोल की! इथे वारा आहे, आणि पिल्लांचा कलकलाट आहे."

मग टीऊने डोळे मिटले आणि ओरडून विचारलं.

"हां, असं! तो वाफेच्या न्हाणीकडे गेला. नाक गळत होतं त्याचं."

तिकडे घरोघर वाफेची न्हाणी असते बरं का. तिला म्हणतात साउना. तापल्या दगडांवर पाणी टाकलं की चर्रर्र वाफ. मग बर्च झाडाच्या ओल्या डहाळ्यांनी पाठ झोडपून घ्यायची. स्वतःहून हं, शिक्षा म्हणून नाही! टीऊ दार ढकलून मुकाट्याने आत शिरली.

"कोण ते?" वाफ फुसफुसली. "नमस्कार नाही, चमत्कार नाही! बाहेर जा आणि नीट ये."

साउनेत शिरताना तिला नमस्कार करायचा असतो. टीऊ बाहेर गेली, परत आली. म्हणाली, "नमस्कार, वाफबाई."

"शहाणी माझी ती! बुवा आला होता. नाक मोकळं करून झोपाळ्याकडे गेला."

गावाचा झोपाळा माळावर होता. ओंडक्यांचा, एका वेळी आठ माणसं उभी राहतील एवढा. वरच्या आडव्या वाशावर आंबटबुवा पाय हलवत बसलेला.

"गाणं म्हण, तर बोलतो," तो म्हणाला.

टीऊ झोपाळ्यावर चढली. गुडघ्यांनी हलके झोके देत गाऊ लागली. आधी सुईएवढा आवाज. मग दोरीएवढा. मग चांगला जाडजूड.

झोपाळ्या, झोपाळ्या, उंच जा,
ढगाच्या पोटाला गुदगुल्या कर जा!

बुवा खुदकन हसला. पण लगेच तोंड फिरवून म्हणाला, "मी नाही यायचा. मला वाळूने घासलं! ज्या घरात पावाची किंमत नाही, तिथे कशाला राहू?"

टीऊच्या पोटात कावळे ओरडत होते. तिने खिशातून पावाचा उरलेला तुकडा काढला, तोच तो हातातून निसटून खाली पडला. टीऊने हलत्या झोपाळ्यावरूनच उडी मारली. गुडघा फुटला. पण आधी तिने तुकडा उचलला, माती झटकली आणि त्याची पापी घेतली. पुस्तकाला पाय लागला की आपण नमस्कार करतो ना? तसं तिकडे पडलेल्या पावाची पापी घेतात.

आंबटबुवा बघतच राहिला.

"अगं ए, गुडघा बघ आधी!"

"बघते नंतर. पाव पडला होता ना," टीऊ म्हणाली.

बुवाने नाक शिंकरलं. सर्दीमुळे की कशामुळे, देव जाणे. मग वाशावरून टुणकन उडी मारून तो त्याच तुकड्यावर बसला. "चल. पण आंघोळ नको हं मला!"

घरी आईने तो तुकडा कोमट पाण्यात कुस्करला, पीठ कालवलं आणि काथवटीवर आपली लोकरीची शाल पांघरली. एक दिवस गेला, काही नाही. दुसरा दिवस गेला, काही नाही. तिसऱ्या दिवशी शालीखाली बुडबुड, बुडबुड! शालच वर उचलली गेली.

मग पाव भाजला, गावाने जाळ पेटवला आणि सगळ्यांनी पाव लोणी लावून खाल्ला. मारेकाकू म्हणाल्या, "हिल्दा, यंदाचा पाव जरा जास्तच आंबट झालाय गं!"

"सर्दी झाली होती त्याला," टीऊ खणखणीत आवाजात म्हणाली.

कुणालाच कळलं नाही. आई मात्र पोट धरून हसली.

टीऊच्या घरी पाव फुगत राहिला, तशी तुमच्या घरी भाकरी फुगत राहो. आता पांघरूण ओढा बघू. गप्प पडून राहिल्याशिवाय पीठ फुगत नाही आणि पोरंही वाढत नाहीत. निजा.