पंजाचं कौल

नाशिककडच्या द्राक्षबागा जिथे संपतात आणि सागाचं जंगल सुरू होतं, तिथे खैरमाळ नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या घरांच्या दारावर एक कौल असतं आणि त्या कौलात बिबट्याच्या पंजाचा ठसा. वायनरी बघून परतणारे पाहुणे वाट वाकडी करून तो पाहायला येतात. बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यापाशी त्यांना भिकनतात्या गांगुर्डे भेटतात.

तात्यांनी उभी हयात इथे कौलं भाजण्यात घालवली. धुराड्यावर आता पिंपळ उगवलाय, तरी वर बघताना धूर झोंबल्यासारखे त्यांचे डोळे बारीक होतात. त्यांना त्या धुराची अजून आठवण येते. "तुमची वाइन जेवढी जुनी तेवढी भारी म्हणे," ते पाहुण्यांना चिडवतात, "मंग आमाला बी जरा मान द्या की." पाहुणे हसले की ते भट्टीकडे वळतात.

भट्टी वाटोळी, बारा कोठड्यांची. आग एका कोठडीतून दुसरीत सरकत राहायची. मागची कौलं निवायची, पुढची भरली जायची. आग विझू द्यायची नाही, हा तिथला धर्म. शिवबा नावाच्या भट्टीवाल्याने अकरा वर्षं ती राखली होती, असं सांगतात.

एका हिवाळ्यात बिबट्याने शिवबाच्या अंगणातून त्याची दीड वर्षांची लेक उचलून नेली. त्याची बायको गिरिजा महिनाभर कोणाशी बोलली नाही, म्हणे. मग फाल्गुनात एका रिकाम्या कोठडीत बिबट्याची तीन पिल्लं सापडली. आई जंगलात गेली होती. कामगारांनी चटकन दाराला विटा लावल्या. दुसऱ्या दिवशी आगीची धग तिथवर पोचणार होती. गाव म्हणालं, देवानेच न्याय केला. शिवबालाही तसंच वाटलं. त्याला वेगळं काही करायचंच नव्हतं, रोजच्यासारखा कोळसा टाकत राहायचं होतं.

हे गिरिजाच्या कानावर गेलं. ती आली, एकेक वीट काढली आणि कोठडीच्या तोंडाशी बसली. माणसाचा हात लागला तर आई पिल्लांना जवळ करत नाही, असा तिकडे समज. त्यामुळे तिने पिल्लांना हात लावला नाही.

"माणसं लांब ने," ती शिवबाला म्हणाली. "म्हंजी त्यांची आई येईल."

"कोळसा पडला न्हाई तर आग मरंल, गिरजे. मालक ठेवायचा न्हाई आपल्याला."

"लेक गेली तरी राहिलोच की आपण."

 शिवबाने फावडं खाली ठेवलं आणि सगळ्यांना घेऊन टेकडीवर गेला. शेवटी गिरिजाही उठून त्यांच्यात जाऊन बसली.

तिन्हीसांजेला मादी आली. आवारात ओली कौलं सुकायला मांडली होती. त्यांच्यावरून तिने तीन खेपा केल्या, दर खेपेला तोंडात एक पिल्लू. टेकडीवरून सगळ्यांनी ते पाहिलं. सकाळी भट्टी थंडगार होती आणि कौलांवर पंजे उमटलेले होते.

मालकाने शिवबाला आगीवरून काढून चिखल वाहायला लावलं. जन्मभर त्याने तो वाहिला. बिघडलेली कौलं मोडून टाका, असा हुकूम सुटला. पण नवी आग गिरिजाच्या चुलीतल्या निखाऱ्याने पेटली आणि कामगारांनी त्याच आगीत ती गुपचूप भाजून घेतली. घरटी एक वाटली. त्यानंतर खैरमाळच्या अंगणात बिबट्या कधी शिरला नाही, म्हणे.

पुढे कारखाना बंद पडला, घरांवर स्लॅब आले. आजही खैरमाळमध्ये जुनं घर पाडताना ते कौल आधी उतरवतात आणि नव्या दारावर चुन्यात बसवतात.

गोष्ट संपली की एखादा पाहुणा हमखास विचारतो, "तात्या, तुमचं कौल दाखवा ना."

तात्या कारखान्यामागच्या आपल्या घराकडे बोट करतात. सगळ्या गावात तेवढंच एक दार कौलावाचून मोकळं आहे.

"गिरिजा माझी आई," ते सांगतात. "मी त्या साऱ्यानंतर जन्मलेला. लोक कौल घेऊन आले होते, तिनं परत पाठवलं. म्हणाली, तिची पिल्लं तिला दिली, पण तो पाय मला रोज माझ्या दारात बघवायचा न्हाई."