नावडत्या चहाचं इंग्रजी

बरोबर सव्वादहाला वैजयंताला प्रवेशाच्या मुलाखतीसाठी आत बोलावलं. लेकीला, ओवीला, इंग्रजी शाळेत घालायचं होतं आणि ती स्वतः जेमतेम सातवी शिकलेली.

मुख्याध्यापकांनी चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप सरकवला. शिपायाने तो मुकाट्याने उचलला.

"बाई, एखादी गोष्ट पटली नाही, हे सांगणारे दोन इंग्रजी वाक्प्रचार बोला. नाहीतर प्रवेश विसरा!"

"सर, आत्ताचा चहा तुम्ही कुठल्या इंग्रजीत परत पाठवलात? आमची ओवीसुद्धा दुधाचा पेला अश्शाच तोंडानं सरकवते. पुढचं इंग्रजी शिकायलाच तर तिला तुमच्याकडे आणलीय!"

शिपाई फिस्सकन हसला. मग सरांनाही हसू आवरेना. "सोमवारपासून पाठवा," ते म्हणाले.

मुलाखतीच्या धास्तीनं ज्या आयांची झोप उडालीय, त्यांच्या कानावर हे जरूर घाला.